स्कॅनर वाचवणारी डबी: उद्यमनगरच्या गॅरेजमधल्या नोंदी

१४ जून २०२५

संध्याकाळी बापूंचा फोन आला. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या त्यांच्या गॅरेजमधला स्कॅनर, म्हणजे गाडीचे दोष वाचणारं यंत्र, बंद पडला होता. "सर, सकाळी ह्याच गाडीवर चालत होता की ओ. आत्ता लावला तर लिंकच होईना. दुसऱ्या गाडीला लावला तर तिथंबी तसंच." गाडी फोक्सवॅगन गटाची, २००० सालच्या आसपासच्या आराखड्याची डिझेल सेडान. मालक गडहिंग्लजचे, गाडी जिवापाड जपणारे. इंजिनाचा दिवा लागतो म्हणून दाखवायला आणलेली.

स्कॅनर घरी आणून उघडला. त्याच्यावरची वीज ठीक, प्रोसेसर ठीक, स्क्रीन ठीक. गाडीला जोडायच्या सोळा पिनांच्या (ओबीडी) कपलरमधली ७ नंबरची पिन जिथे बोर्डावर येते तिथला एक ट्रान्झिस्टर काळा पडून फुगलेला. त्यावर '१एएम' असा शिक्का अर्धवट दिसत होता, म्हणजे ३९०४ जातीचा, तांदळाच्या दाण्याएवढा. बाकी बोर्डाला काही झालेलं नाही. तो बदलला आणि टेबलावर बारा व्होल्ट देऊन पाहिलं, लाइन पुन्हा खाली-वर व्हायला लागली. काही रुपयांच्या भागाने काही हजारांचं यंत्र बंद पाडलं होतं. बापूंसारख्या माणसाचं दिवसाचं काम स्कॅनरवर अडतं, त्यामुळे नुसता बदलून देऊन विषय सोडायचा नाही असं ठरवलं. हा ट्रान्झिस्टर आपोआप मेलेला नाही.

१५ जून

सकाळी गाडीवर मीटर लावला. ७ नंबरची पिन म्हणजे के-लाइन. जुन्या गाड्यांत स्कॅनर आणि ईसीएम (इंजिन चालवणारा कंप्युटर) याच एका तारेवरून बोलतात. दोघांपैकी कुणी बोलत नसेल तेव्हा ही तार बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळ वर ओढलेली राहते आणि बोलणारा तिला अर्थकडे, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे, खाली खेचतो. वेग १०,४०० बॉड, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट. पण सुरुवात करताना आधी फक्त ५ बॉडने पत्ता पाठवावा लागतो. म्हणजे एकेक बिट २०० मिलिसेकंदांचा. सर्वसाधारण ओबीडीचा पत्ता ३३ हेक्स. त्यात सलग दोन शून्यं येतात, त्यामुळे स्कॅनरचा ट्रान्झिस्टर सलग ४०० मिलिसेकंद तार खाली दाबून धरतो. निरोगी गाडीत तेवढ्या वेळात त्याच्यातून काही मिलिअँपिअर जातात. तार थेट बॅटरीला चिकटलेली असेल तर मात्र हा दाणा बॅटरीशी झुंजत बसतो.

चावी ऑन केली: ११ व्होल्टच्या आसपास. नुसता आकडा पाहिला तर गाडी ठीक वाटते, आणि घोटाळा इथेच आहे. निरोगी के-लाइनही बारा व्होल्टच्या जवळ दिसू शकते आणि बारा व्होल्टला शॉर्ट झालेलीही. म्हणून पिन ७ आणि अर्थ यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर धरून पुन्हा पाहिलं. व्होल्टेज ३ च्या खाली आलं. म्हणजे मागे ईसीएमांचे बारीक पुल-अप (तार वर ओढणारे रेझिस्टर) आहेत, शॉर्ट नाही. गाडी ठीक!

बापू म्हणाले, "मग काल मेला कशानं?" काल संध्याकाळी पाऊस होता, गाडी दिवे लावूनच आत आली होती. पार्किंग लाइटचं बटण फिरवलं. रेझिस्टर तसाच धरलेला होता आणि मीटर १२.४ वर जाऊन बसला. दिवे बंद केले, पुन्हा ३ च्या खाली. दिवे लावले, १२.४.

दिव्यांच्या वायरिंगचा आणि के-लाइनचा काही संबंध नसतो. दोन्ही तारा शेजारी येतात अशी जागा एकच, गाण्यांच्या टेपच्या मागे.

१७ जून

टेप बाहेर काढला. बाजारातून बसवलेला, टचस्क्रीनवाला. मागचा मूळचा कपलर कापलेला आणि सगळ्या तारा पिळून काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेल्या. पट्टी उन्हाने वितळून चिकट झाली होती. सोडवत गेलो तेव्हा एका गाठीत तीन तारा निघाल्या: टेपची नारिंगी-पांढरी, गाडीची डॅशबोर्डच्या उजेडाची, आणि गाडीची के-लाइन.

हे असं का होतं ते इथे नीट लिहून ठेवतो, कारण बसवणाऱ्या पोराला शिव्या घालून काही हाती लागत नाही. या गटाच्या त्या काळच्या गाड्यांत मूळचा रेडिओसुद्धा स्कॅनरशी बोलायचा. म्हणून के-लाइनची एक फांदी रेडिओच्या वीजेच्या कपलरमध्ये, ए गटातल्या ३ नंबरच्या पिनवर आणलेली आहे. त्याच कपलरमध्ये आणखी एक अडचण आहे. आयएसओच्या प्रमाण मांडणीत ४ नंबरवर कायमची वीज आणि ७ नंबरवर चावीची वीज असते. या गाड्यांत ते नेमकं उलटं आहे. बाजारातला टेप सरळ जोडला की चावी काढल्यावर त्याची स्टेशनं, वेळ, सगळं पुसलं जातं. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन परत येतं. मग बसवणारा कपलर कापतो आणि एकेक तार हाताने जोडतो. टेपकडच्या तारांचे रंग ठरलेले आहेत: पिवळी कायमची वीज, लाल चावीची, काळी अर्थ, निळी अँटेनाची, निळी-पांढरी अँप्लिफायर चालू करणारी, नारिंगी-पांढरी उजेडाची. गाडीकडच्या तारांचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे आपापले. शेवटी एखादी तार उरते. मीटर लावला तर तिच्यावर बारा व्होल्टच्या जवळपास दिसतं, म्हणून ती वीजेचीच समजून कुठल्या तरी गाठीत जाते. त्या पोराकडे वायरिंगचा नकाशा नव्हता आणि तो द्यायला कुणी आलंही नव्हतं.

इलाज साधा आहे. बाजारातल्या टेपला के-लाइन लागतच नाही. ती तार गाठीतून सोडवली, टोक कापून त्यावर श्रिंक स्लीव्ह चढवली, बाजूला बांधली आणि 'डायग्नोसिस, जोडू नये' अशी चिठ्ठी लावली. बाकीच्या तारा सोल्डर करून स्लीव्हमध्ये घेतल्या. नंतर दिवे लावून, टेप वाजवून, दोन्ही एकदम करून पाहिलं. पिन ७ प्रत्येक वेळी ३ च्या खालीच येते. दुरुस्त केलेला स्कॅनर लावला, इंजिनाची लिंक झाली. दिव्याचं कारण इंजिनात जाणारी हवा मोजणारं एअरमास मीटर निघालं, ते बापूंचं काम.

२१ जून

ही गाडी बरी झाली, पण पुढची कुठली येईल सांगता येत नाही. म्हणून स्कॅनर आणि गाडी यांच्यामध्ये बसणारी एक डबी करायची. एका बाजूला नर कपलर, दुसऱ्या बाजूला मादी.

वीजेच्या पिनचं काम सोपं आहे. स्कॅनरच्या कपलरमधल्या १६ नंबरवर (बॅटरी) २ अँपिअरचा फ्यूज, आणि फ्यूजच्या पुढे १६ व ४ (अर्थ) यांच्यामध्ये १.५केई२७ए जातीचा सप्रेसर डायोड. तो साधारण २३ व्होल्टपर्यंत गप्प बसतो आणि मोठा झटका आला तर ३७-३८ व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. २३ मुद्दाम, कारण आपल्याकडे बॅटरी उतरलेली गाडी ट्रकच्या बॅटरीवरून चालू करणारे लोक आहेत.

अवघड काम के-लाइनचं. पहिला विचार कुणालाही येईल तो: मध्ये एक रेझिस्टर टाका. पण गणित तसं जुळत नाही. स्कॅनरच्या बाजूला ५१० ओहमचा पुल-अप असतो. मध्ये १०० ओहम टाकले आणि ईसीएमने तार खाली खेचली, तर स्कॅनरला शून्याऐवजी २ व्होल्ट दिसतात. त्यात ईसीएमच्या स्वतःच्या ट्रान्झिस्टरवर राहणारं व्होल्टेज मिळवा. ३० टक्क्यांच्या खाली, म्हणजे साडेतीन व्होल्टच्या आत असेल तरच ते शून्य धरलं जातं. जुनी, गंजकी वायरिंग असलेल्या गाडीत लिंक तुटत राहणार. आणि इतकं करूनही ट्रान्झिस्टर वाचतोच असं नाही. टेबलावर मोजलं: त्या स्कॅनरमधला ३९०४ शॉर्टमध्ये साधारण ९० मिलिअँपिअर ओढतो. बारा व्होल्ट गुणिले ९० मिलिअँपिअर म्हणजे एक वॅटहून जास्त उष्णता, आणि त्या दाण्याची ताकद सुमारे एक तृतीयांश वॅटची. मध्ये ४७ ओहम टाकले तरी त्याच्या वाट्याला पाऊण वॅट उरतोच.

मग आपोआप परत जोडला जाणारा पॉलिफ्यूज? तो तापून उघडतो. इतक्या कमी करंटला त्याला सेकंद लागतात आणि ट्रान्झिस्टर त्याच्या आधी मरतो.

तार अर्थला शॉर्ट असेल तर मात्र स्कॅनरला फारसा धोका नाही. ५१० ओहममधून पंचवीसेक मिलिअँपिअर जातात, लिंक होत नाही, एवढंच. फक्त इंजिन चालू असताना १४.४ व्होल्टला त्या रेझिस्टरवर ०.४ वॅट पडतात. स्वस्त स्कॅनरमध्ये तिथे पाव वॅटचा असतो. दुरुस्तीत मी अर्ध्या वॅटचा बसवला.

२८ जून

तपकीर गल्लीतून मागवलेलं सामान पुण्याहून एसटी पार्सलने आलं. ओबीडीचे कपलर चांगले मिळाले, पिना जाड आहेत. पाऊस थांबेना. आज फक्त डबीला भोकं पाडली.

५ जुलै

उपाय सापडला, आणि तो करंटच्या दिशेत आहे.

के-लाइनवर करंट दोन्ही बाजूंनी वाहतो, पण सारखा नाही. ईसीएम बोलतो तेव्हा स्कॅनरच्या पुल-अपमधून पंचवीसेक मिलिअँपिअर गाडीकडे जातात. स्कॅनर बोलतो तेव्हा गाडीकडून स्कॅनरकडे फक्त काही मिलिअँपिअर यायला हवेत. गाडीकडून स्कॅनरकडे पन्नासच्या वर आले की समजायचं, कुणीतरी तारेला बॅटरी जोडली आहे.

म्हणून मध्ये फक्त २२ ओहम ठेवले. त्याने लिंकवर अर्ध्या व्होल्टचाच फरक पडतो. त्या २२ ओहमला समांतर पीसी८१७ ऑप्टोकपलरचा (उजेडाने चालणारा स्विच) एलईडी, त्याच्याबरोबर ४७ ओहम. गाडीकडून येणारा करंट साधारण ५५ मिलिअँपिअरच्या वर गेला की एलईडी पेटायला लागतो. उलट्या दिशेच्या करंटकडे तो बघतही नाही. ऑप्टो पेटला की तो रीड रिलेचा आधार काढून घेतो आणि रिले के-लाइन तोडतो. रीड रिले सुटायला एखाद्या मिलिसेकंदाच्या आसपासच वेळ घेतो. तेवढ्यात ट्रान्झिस्टर गरमसुद्धा होत नाही.

रिले परत आपोआप लागू नये हे महत्त्वाचं. नाहीतर स्कॅनर पुन्हा पुन्हा प्रयत्न करणार आणि दर वेळी थोडा भाजणार. त्यासाठी आपल्या शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरची युक्ती जशीच्या तशी घेतली: हिरवं बटण दाबलं की रिले लागतो आणि स्वतःच्याच दुसऱ्या कॉन्टॅक्टवर धरून राहतो. ओव्हरलोड आला की सुटतो आणि माणूस येऊन बटण दाबेपर्यंत सुटलेलाच राहतो. बापूंना हे एका वाक्यात कळलं. "म्हंजे ट्रिप होतंय." हो, ट्रिप होतंय.

टेबलावर मुद्दाम बारा व्होल्ट थेट जोडून तपासलं, तोच जुना स्कॅनर लावून. डबी टक् आवाज करून तुटते, लाल दिवा लागतो, ३९०४ ला हात लावला तर थंड. डायोड नसलेल्या आणि असलेल्या रिलेच्या कॉइलवर वेळ वेगवेगळा येतो. साध्या डायोडने रिले थोडा उशिरा सुटतो, म्हणून डायोडसोबत झेनर घेतला.

१२ जुलै

ट्रिप होणं ही शेवटची तटबंदी. त्याआधी तपासणी हवी, म्हणजे स्कॅनर तारेला लागायच्या आधीच कळावं. डबीत 'तपास' नावाचं दुसरं बटण. ते दाबल्यावर के-लाइनवर आधी १ किलोओहम अर्थकडे लागतो. व्होल्टेज बॅटरीच्या निम्म्याच्या खाली आलं पाहिजे. मग १ किलोओहम बारा व्होल्टकडे लागतो. व्होल्टेज ८० टक्क्यांच्या वर गेलं पाहिजे. एलएम३९३ ही व्होल्टेजची तुलना करणारी आयसी दोन्ही बघते. दोन्ही जमलं तरच हिरवं बटण चालतं.

टेस्ट लॅम्पने हे करू नका, असं बापूंच्या पोरांना बजावलं. त्यातला पाच वॅटचा बल्ब ४०० मिलिअँपिअर ओढतो. हेडलाइटच्या तारेला ते चालतं. ईसीएमच्या तारेला बल्ब लावणं म्हणजे स्कॅनर वाचवायला जाऊन दहापट महागाची वस्तू पणाला लावणं.

तपासणी एकदा करून भागत नाही, हे पहिल्याच गाडीने शिकवलं. चावी ऑन, टेप बंद. मग टेप चालू. मग पार्किंग लाइट. मग दोन्ही. टेपची निळी-पांढरी तार चुकीच्या जागी गेली असेल तर दोष टेप चालू केल्यावरच दिसतो, उजेडाची गेली असेल तर दिव्यांवरच. डबीच्या झाकणावर हा क्रम मराठीत लिहून वर पारदर्शक पट्टी लावली.

एक गोष्ट टेपशी संबंधित नाही पण याच तपासणीत सापडते. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात पाण्यात बसलेल्या गाड्या अजून कोल्हापुरात फिरतात. धुऊन-पुसून विकल्या गेलेल्या. त्यांच्या सीटखालच्या आणि पायापाशी असलेल्या कपलरांत हिरवा गंज बसतो आणि तो शेजारच्या पिनांना आपसात जोडतो. पूर्ण शॉर्ट नव्हे, गळती. के-लाइन तिथे अर्धवट लोंबकळत राहते. अशी गाडी आज एक आली. तपासात दुसरी चाचणी नापास. चालकाच्या पायाखालचा गालिचा उचलला, खाली कपलर हिरवागार.

२० जुलै

डबी बापूंच्या हातात दिली. मी तिथे नसताना वापरली पाहिजे, नाहीतर ती माझीच राहील.

२७ जुलै

नव्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. तिथे बोलणं ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर कॅन नावाच्या दोन तारांच्या जोडीतून होतं. शांत असताना दोन्ही तारा अडीच व्होल्टवर, बोलताना एक साडेतीनकडे आणि दुसरी दीडकडे. तिथे माझा रिले आणि २२ ओहम चालणार नाहीत; ५०० किलोबिटच्या लाइनवर उगाच काही मध्ये घालू नये. फक्त एनयूपी२१०५ हा छोटा जोडडायोड दोन्ही तारांवर टाकला. बऱ्याच कॅन आयसी तशाही दणकट असतात. एमसीपी२५५१ सारखी आयसी दोन्ही बाजूंना ४२ व्होल्टपर्यंत सोसते. पण ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या एसएन६५एचव्हीडी२३० ची मर्यादा १६ व्होल्ट आहे, आणि छोट्या ब्लूटूथ स्कॅनरमध्ये कुठली बसवली आहे हे वरून दिसत नाही.

इथे टेपवाल्यांचं संकट म्हणजे स्टिअरिंगवरची बटणं चालावीत म्हणून लावलेली डिकोडरची डबी. ती कॅनच्या तारांना फांदी घेते. काहींच्या आत स्वतःचा १२० ओहम असतो. गाडीत दोन टोकांना दोन १२० आधीच आहेत, म्हणून बॅटरी काढून ६ आणि १४ मध्ये मोजलं की ६० ओहम यायला हवेत. ४० आले तर तिसरा पाहुणा बसला आहे. १२० आले तर एक टोक तुटलंय. गेटवे (निरोप पुढे पाठवणारी मधली पेटी) असलेल्या गाड्यांत हा आकडा वेगळा येऊ शकतो, कारण तिथे स्कॅनरच्या पिना गेटवेपर्यंतच जातात. म्हणून त्याच मॉडेलच्या टेप न बदललेल्या गाडीवर एकदा मोजून वहीत लिहून ठेवायचं. बापूंच्या मुलीने त्यासाठी वही घातली आहे. गाडीचं मॉडेल, साल, ६-१४ चा ओहम, पिन ७ चे दोन आकडे. ही वही माझ्या डबीपेक्षा जास्त उपयोगाची ठरेल असं मला वाटतं.

३ ऑगस्ट

आज अँप्लिफायरवाली गाडी. डिकीत मोठा वूफर. तक्रार अशी की लॅपटॉपवरून तपासणी करताना गाणं लावलं की लिंक तुटते. बॅटरीच्या निगेटिव्हपासून ओबीडीच्या ४ नंबरच्या पिनपर्यंत मीटर लावला आणि आवाज वाढवला. ०.१ व्होल्टच्या आत राहायला हवं. प्रत्येक ठोक्याला सव्वा व्होल्ट उडत होतं. अँप्लिफायरचा अर्थ रंगावरच स्क्रू मारून घेतलेला. त्याच्या करंटला परतायची वाट मिळत नव्हती, म्हणून तो आरसीए केबलच्या जाळीतून टेपकडे आणि तिथून मिळेल त्या अर्थाने परतत होता. त्यातच लॅपटॉप ऑक्सच्या तारेने टेपला आणि यूएसबीच्या तारेने स्कॅनर केबलला जोडलेला, म्हणजे तोही त्या वाटेवरचा पूल झालेला.

रंग घासून, जाड तारेने, दातेरी वॉशर घालून अर्थ पुन्हा घेतला. उडी बंद. लॅपटॉपसाठी एडीयूएम३१६० वर आधारलेला यूएसबी आयसोलेटर मागवला आहे. तो १२ मेगाबिटपर्यंतच चालतो, पण स्कॅनरच्या केबलला तेवढं भरपूर झालं. तो येईपर्यंत नियम: लॅपटॉप बॅटरीवर, ऑक्सची तार काढलेली.

१० ऑगस्ट

गणपती २७ तारखेला. आधीच्या पंधरवड्यात टेप आणि वूफर बसवायला रांगा लागतात, म्हणून आज बापूंना घेऊन शाहूपुरीतल्या एका टेपवाल्याकडे गेलो. भांडायला नव्हे. सोबत पहिल्या गाडीतली ती तीन तारांची गाठ नेली होती, आणि डबी. त्याच्या काउंटरवर डबीला बारा व्होल्ट जोडून ट्रिप करून दाखवली, मग ए गटातल्या आठ पिनांचा नकाशा हाताने काढून दिला: १ वेगाचा सिग्नल, २ फोनचं म्यूट, ३ डायग्नोसिस, ४ चावी, ५ अँटेना, ६ उजेड, ७ कायमची वीज, ८ अर्थ. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, दादा. आम्ही तीन नंबरला वीजच समजत होतो."

४ आणि ७ ची अदलाबदल करणारं तयार कपलर बाजारात मिळतं, त्यात ३ नंबर रिकामा असतो. ते त्याने मागवायचं कबूल केलं. कापाकापीच करावी लागली नाही तर गाठीही पडणार नाहीत. नकाशाची झेरॉक्स त्याने आतल्या भिंतीवर लावली. त्याच्या ओळखीच्या दुकानांसाठी आणखी प्रती मागितल्या, त्या उद्या देतो.

बापूंनी तिथेच दुसरी डबी मागितली, कागलच्या भाच्याच्या गॅरेजसाठी. तिच्यात बदल एकच: ट्रिपच्या लाल दिव्यासोबत छोटा बझर. बोनेटखाली वाकलेल्या माणसाला दिवा दिसत नाही.